दुसरी किल्ली कुठे ठेवाल?

प्रश्न : फोन हरवल्याने पडताळणीचा कोड मिळेना आणि ईमेल खातेही उघडेना. पुन्हा असे होऊ नये म्हणून काय करावे?

उत्तर : पासवर्ड अचूक असूनही आपण अडकतो, कारण दुसरी किल्ली, म्हणजे पडताळणीचा कोड, हरवलेल्या फोनवरच येतो. गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात आठ अंकी १० बॅकअप कोड, म्हणजे फोन हाताशी नसताना पडताळणीसाठी वापरायचे राखीव कोड, मिळतात. ते कागदावर उतरवून फोनपासून वेगळे ठेवावेत. प्रत्येक कोड एकदाच चालतो आणि नवा संच काढताच जुना रद्द होतो, हे मात्र अनेकांच्या ध्यानात राहत नाही, मग ऐन वेळी जपून ठेवलेला कागद कुचकामी ठरतो. खात्यात नोंदवलेला पर्यायी मोबाइल क्रमांक आपण पूर्वीच सोडून दिलेला तर नाही ना, हेही तपासावे.

खाते परत मिळवण्याचा अर्ज शक्यतो नेहमीच्याच संगणकावरून आणि नेहमीच्याच जागेवरून भरावा. ओळख पटण्यास त्याची मदत होते. तांत्रिक साहाय्याला लिहिताना ‘खाते चालत नाही’ एवढ्यावर न थांबता पडद्यावरचा संदेश शब्दशः आणि वेळेसह कळवावा. संपर्क मात्र कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच साधावा, आणि पलीकडच्या व्यक्तीने ओटीपी किंवा पासवर्ड विचारला, तर बोलणे तिथेच थांबवावे.