कपाटाची किल्ली

प्रश्न : सर, मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, राहते कोल्हापुरात, राजारामपुरीत. भाचीच्या प्राथमिक शाळेत दर शनिवारी मुलांना गोष्टी वाचून दाखवते. असंच काम कायमचं करावंसं वाटतं. बाबा करवीर नगर वाचन मंदिराचे जुने सभासद, पण तेसुद्धा म्हणतात, "पुस्तकं द्यायची-घ्यायची, यात कसलं आलंय करिअर?" बी.लिब., म्हणजे ग्रंथालयशास्त्राची पदवी, करू का?

उत्तर : बाबांवर रागावू नकोस. ते १८५० सालच्या त्या वाचनालयात जातात ते कुठलं पुस्तक हवं हे घरूनच ठरवून. दुसरीतल्या पोराचं तसं नसतं. जोडाक्षराला अडखळणारा चौथीतला मुलगा घे. त्याला सोपं पुस्तक द्यायचं, पण ते 'लहान पोरांचं' आहे असं त्याला वाटता कामा नये. तालमीचं, म्हशीचं काहीतरी शोधावं लागतं. त्यासाठी पुस्तकही वाचलेलं हवं आणि पोरगंही. हे निव्वळ देवघेवीचं काम नव्हे.

नोकरीबाबत मात्र गोड बोलणार नाही. २००९ चा शिक्षण हक्क कायदा प्रत्येक शाळेत वाचनालय हवं म्हणतो. वर्तमानपत्रं, मासिकं, गोष्टींची पुस्तकं, सगळ्याचा उल्लेख त्याच्या परिशिष्टात आहे. स्वतंत्र ग्रंथपाल मात्र त्यात नाही. त्यामुळे जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या प्राथमिक शाळेत हे काम कुणातरी गुरुजींच्या किंवा बाईंच्या गळ्यात पडतं. पुस्तक हरवलं तर भरून द्यावं लागेल, ही धास्ती असते. मग कपाटाला कुलूप! मी अशाच शाळेत शिकलो. काचेतून दिसणारी नावं तेवढी पाठ झाली होती. खरं तर फाटक्या-हरवलेल्या पुस्तकांचं रीतसर निर्लेखन करता येतं, म्हणजे ती नोंदीतून कमी करता येतात, पण तेवढा कागद कुणी हलवत नाही.

म्हणून माझं मत : शिक्षिका म्हणून शाळेत शिर आणि कपाटाची किल्ली मागून घे. त्यासाठी दोन वर्षांची डी.एल.एड. ही प्राथमिक शिक्षकाची पदविका, मग टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा आणि अभियोग्यता चाचणी. भरती राज्य सरकारच्या 'पवित्र' पोर्टलवरून होते, ती कधी निघेल याचा भरवसा नसतो, तेवढा धीर ठेव. बी.एड. करून पहिली ते पाचवीला शिकवू, असं कुणी सुचवलं तर ऐकू नकोस. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये ती वाट बंद केली.

बी.लिब. शिवाजी विद्यापीठात पदवीनंतर एका वर्षात होतं. खासगी सीबीएसई शाळा किंवा केंद्रीय विद्यालयात ग्रंथपाल व्हायचं असेल तर ते घेच. फक्त खासगी शाळेत नेमणूकपत्र हातात पडल्याशिवाय रुजू होऊ नकोस, आणि कुणा शिक्षकाच्या तासिका बुडाल्या की तुलाच वर्गावर पाठवणार का, तेही आधी विचार. बहुतेक पाठवतातच.

बाबांना एवढंच सांग, भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन आधी गणिताचे प्राध्यापक होते. त्यांनी १९३१ साली पाच सूत्रं मांडली. त्यातलं एक, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक.

येत्या शनिवारी गोष्ट झाली की मुख्याध्यापकांकडे देवघेवीची वही माग आणि वर्षभरात किती पुस्तकं बाहेर गेली ते मोज. बाबांनाही सोबत ने. कपाट झाडायचं असेल तर दोन हात जास्त लागतीलच.