संशयी का संशयित? (अन् संशय 'येणे' की 'घेणे')

भाऊ, प्रश्न लय कामाचा विचारला तुम्ही. तुम्ही सध्या मर्डर मिस्ट्री वाचून राहिले, युनिव्हर्सिटीतले जुने दोस्त, त्यातल्या एकाचा खून होते अन् उरलेले एकमेकांकडं बघून राहतात. तर त्यात एका पानावर 'संशयी मित्र' अन् पुढं 'संशयित मित्र' असं छापलं आहे, मग हे दोन शब्द एकच की छपाईची चूक, आणि आपल्याकडचे म्हातारे 'वहम' म्हणतात ते मराठी आहे का, हे तुम्हाला पाहिजे.

दोन्ही शब्द बरोबर आहेत पण माणसं वेगळी. संशयी म्हणजे ज्याच्या मनात संशय भरला आहे तो. संशयित म्हणजे ज्याच्यावर बाकीच्यांचा संशय आहे तो, मग त्याच्या स्वतःच्या मनात काही का असेना. दोस्तादोस्तांच्या अशा गोष्टीत प्रत्येक जण एकाच वेळी दोन्ही असतो, म्हणून इथं शब्द उलटा पडला की वाचणारा भलत्याच्याच मागं लागतो. तिसरा शब्द संशयास्पद, तो मात्र वागण्याला, जागेला, वस्तूला लावा. आस्पद म्हणजे ठिकाण, हास्यास्पद म्हणजे हसू यावं असं, तसंच संशयास्पद म्हणजे संशय यावा असं. तुम्ही उतरवून पाठवलेल्या ओळीत 'त्याचं संशयित वागणं' आहे ना, तिथं 'संशयास्पद वागणं' पाहिजे होतं.

पण मला खरी मजा वाटते ती क्रियापदात. मराठीत संशय 'येतो' आणि संशय 'घेतात', आणि ह्या दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. "मला त्याचा संशय आला" म्हटलं की माझा दोष काहीच नाही, संशय आपल्या पायानं चालत आला, ताप येतो तसा, मी फक्त तो येताना पाहिला. "मी त्याच्यावर संशय घेतला" म्हटलं की आता मी कर्ता झालो, आता उद्या तो निर्दोष निघाला तर तोंड मलाच लपवावं लागणार. शब्दाचं रूप पण बघा, आला तेव्हा 'त्याचा', घेतला तेव्हा 'त्याच्यावर', म्हणजे ओझं सरळ त्याच्या डोक्यावर ठेवलं. म्हणूनच भांडणात कोणी "तुला माझा संशय आला का?" असं फारसं म्हणत नाही, "तू माझ्यावर संशय घेतो?" असंच म्हणतात अन् दोस्ती तिथंच तुटते. चांगला लेखक हे बरोबर वापरतो. आधी प्रत्येकाला संशय नुसता येऊन राहतो, कोणी बोलत नाही, अन् पहिल्यांदा कोणीतरी 'घेतो' तिथून गोष्ट पेटते. पुढची पानं वाचताना एवढंच बघत जा, कुठं आला अन् कुठं घेतला.

आणि आपल्या खेड्यात तर तिसरंच चालतं, "त्याले संशयावरून उचललं." इथं संशय कोणाला आला, कोणी घेतला, काही पत्ता नाही, उचललेला तेवढा दिसते. त्यावर गावभर त्याला गुन्हेगार म्हणून मोकळे होतात, हे मला अजिबात पटत नाही. आरोपी म्हणजे ज्याच्यावर आरोप आहे तो, बस. संशयित तर त्याच्याही अलीकडचा. गुन्हेगार कोर्टानं दोषी ठरवल्यावरच.

'संशयाची सुई' पण त्या पुस्तकात दिसली असेल, बातम्यांत तर रोजच असते. ते हिंदीतल्या 'शक की सुई'वरून आलं असं मला वाटते, कारण हिंदीत घड्याळात सुई असते, आपल्याकडं घड्याळात काटा, जिनिंगवर कापसाची गाडी मोजतात तोही काटाच. पण 'संशयाचा काटा' म्हणा तर पायात रुतणारा काटा आठवते, आणि 'काटा काढणे' म्हणजे तर माणूस संपवणे, खुनाच्या गोष्टीत नसता घोळ. म्हणून सुई रुळली आहे तर राहू द्या, नाहीतर सरळ 'संशय याच्यावरून त्याच्यावर गेला' लिहा, काही बिघडत नाही.

राहिला वहम. मूळ अरबी, मराठीत वहीम झाला अन् शब्दकोशात संशय ह्याच अर्थानं आहे, हिंदीत मात्र वहम म्हणजे भ्रम, नसलेलं दिसणं. तुमचे म्हातारे "मले त्याचा वहम आला" म्हणतात तेव्हा ते जुनं मराठीच बोलतात, हिंदी नाही, अन् बघा, त्यांच्याही तोंडी तो वहम 'आला'च आहे.