आधी शेवटच्या हप्त्याचं बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याची नोकरी सोडून बार्शीत पोर्ट्रेट आणि लग्नाच्या फोटोग्राफीचं काम सुरू करायचंय, तीन लाख हाताशी आहेत, नात्यातल्या दोन ऑर्डरी चालून आल्यात, तर कॅमेरा कोणता, रेट किती आणि बाजारात गाळा घ्यावा का? मी कराडला हेच काम बरीच वर्षं करतोय. कॅमेऱ्याबद्दल सांगणारे शंभर भेटतील, म्हणून ते दोन ओळींत उरकतो. या धंद्यात माणसं बुडतात ती ग्राहकाकडून यायच्या शेवटच्या हप्त्यापायी, आणि ते मात्र कोणी सांगत नाही.

हिशोब मांडून बघा. समजा ६० हजारांची ऑर्डर आहे, हळद आणि लग्न मिळून. कँडिडवाल्याला (पोझ न देता, नकळत फोटो टिपणाऱ्याला) ८ हजार, व्हिडिओवाल्याला ७, ड्रोनचे ४, अल्बमचे ९, मिक्सिंग आणि एडिटिंगचे ६, गाडी-डिझेल-चहापाणी २. झाले ३६ हजार. तुमच्या हाती राहिले २४. हे आकडे तुमच्या गावचे घाला, प्रमाण फारसं बदलणार नाही. आता प्रथेप्रमाणे तुम्ही '३० टक्के पैसे अल्बम दिल्यावर' असं ठरवलंत, तर १८ हजार अडकले. कँडिडवाला आणि व्हिडिओवाला लग्नाच्या रात्रीच पैसे मागतात, लॅबवाला अल्बम छापायच्या आधी. म्हणजे दोन-तीन दिवस उभं राहून, रात्री-रात्री जागून तुमच्या खिशात सहा हजार, आणि बाकीचे 'येतील हो, कुठं पळून चाललोय का आम्ही'.

पळून कोणी जात नाही. अल्बमसाठी फोटोंचं सिलेक्शन करत नाहीत, एवढंच. तीन हजार फोटोंचा पेन ड्राइव्ह घरात जातो. नवरा-नवरी कामावर परत गेलेली असतात, सासूबाई म्हणतात मुलगी आल्यावर बसू, मुलगी म्हणते मम्मींनी आधी बघू दे. मग दिवाळीला बसू, मग संक्रांतीला. सिलेक्शन नाही म्हणून अल्बम नाही, अल्बम नाही म्हणून पैसे नाहीत. आणि अशा अल्बमला वर्ष झालं की त्याच घरात बारशाच्या फोटोला दुसरा फोटोग्राफर येतो, कारण 'आधीच्याने अजून अल्बम दिला नाही'.

यावर माझी पद्धत अशी. ३० टक्के तारीख धरताना. ६० टक्के हळदीच्या दिवशी, कॅमेरा बॅगेतून काढायच्या आधी. १० टक्के अल्बमचं डिझाइन पास झाल्यावर, छपाईला टाकायच्या आधी. हळदीच्या दिवशी पैसे मागायला नवख्याला लाज वाटते. मंडपवाला आणि केटरर त्याच सकाळी मागून घेतात, त्यांना कोणी काही म्हणत नाही, हे लक्षात ठेवा. दुसरं, सगळे तीन हजार फोटो सिलेक्शनला देऊच नका. आपणच सहाशे-सातशे काढून द्यायचे आणि लिहून घ्यायचं की ४५ दिवसांत निवड आली नाही तर निवड आम्ही करू. ४० शीटच्या अल्बमला फोटो लागतात दोनशेच्या आतबाहेर. '१२ बाय ३६ इंच, ४० शीट, त्यापुढे प्रत्येक शीटला इतके' असं स्पष्ट लिहा, नाहीतर आत्याबाईंच्या फोटोंची दहा शीट फुकट वाढतात.

करारनामा एकाच माणसाच्या नावाने करा. आपल्याकडे 'खर्च दोन्हीकडचा निम्मा-निम्मा' असतो तेव्हा फोटोग्राफरची गत वाईट होते: मुलीकडचे म्हणतात उरलेले व्याही देतील, मुलाकडचे म्हणतात ते तर त्यांच्याकडे होतं. सही करणाऱ्याने सगळे द्यायचे, आपसातलं त्यांचं त्यांनी बघायचं. आणि दोन्हीकडून वेगवेगळे फोटोग्राफर येणार असतील तर ते आधीच विचारून ठेवा. स्टेजवर चार कॅमेरे एकमेकांच्या फ्रेममध्ये घुसत असतील तर कोणाचंच काम नीट होत नाही; आदल्या दिवशी त्या दुसऱ्याला फोन करून कोण कुठे उभं राहणार ते ठरवलं की निम्मी भांडणं मिटतात.

नात्यातल्या दोन ऑर्डरींचं म्हणाल तर एक पूर्ण रेटने घ्या आणि दुसरी आहेर म्हणून सरळ फुकट करा. अर्ध्या रेटचं काम कधी करू नका. फुकट केलेलं काम पाहुणे चारचौघांत सांगतात. अर्ध्या रेटमध्ये केलेल्यात खोड काढतात, आणि तोच तुमचा रेट म्हणून पंचक्रोशीत पसरतो.

हंगामाचा अंदाज पंचांग समोर ठेवून घ्यायचा. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात ते आषाढी एकादशीपर्यंत, आणि मध्ये पौषात तसा शुकशुकाटच. चातुर्मासात लग्नं जवळपास नाहीत. त्यात अधिक महिना आला की ऐन उन्हाळ्यातला तुकडा जातो: २०२६ चंच घ्या, १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ. २०२४ च्या मे महिन्यात गुरू आणि शुक्र दोघांचाही अस्त होता, त्यामुळे बऱ्याच घरांनी तारखा पुढे-मागे केल्या. पुढच्या वर्षाचं पंचांग आलं की पहिलं काम म्हणजे मुहूर्ताच्या तारखा मोजणं आणि कर्ज काढणार असाल तर त्याचा हप्ता किती झेपेल ते त्यावरून ठरवणं. कर्जाचा हप्ता भाद्रपदातही येतो, ऑर्डर येत नाही.

आता प्रत्यक्ष लग्नाच्या दिवसाचं. आमच्या भागात पत्रिकेवर १२ वाजून ३५ मिनिटं छापलेलं असतं आणि अक्षता पडतात नेतेमंडळी आल्यावर. तुमच्याकडे काही वेगळं असेल असं वाटत नाही. तोवर स्टेजवर सत्काराचा रतीब चालू असतो: शाल, श्रीफळ, फेटा, आणि प्रत्येक सत्काराचा फोटो हवाच, कारण यजमानाच्या लेखी तोच अल्बमचा गाभा असतो. त्याला नाकं मुरडू नका. पण त्यासाठी एक माणूस वेगळा ठेवा, म्हणजे तुम्ही त्या वेळात नवरीच्या खोलीत राहू शकता. गौरीहारापाशी बसलेली मुलगी, मागे मामा घड्याळ बघत उभा, हे फोटो पुढे घरात सगळ्यात जास्त बघितले जातात.

अंतरपाटाचा क्षण एकदाच येतो. सकाळीच गुरुजींना गाठून विचारून घ्या की अंतरपाट कोणत्या बाजूने ओढणार आणि अष्टकं किती होणार. मंगलाष्टका म्हणायला उत्साही काकू-मावश्या पुढे आल्या की दोनाची सहा होतात, पण 'तदेव लग्नं' सुरू झालं की शेवट जवळ आला हे पक्कं. त्याआधी जागा घेऊन टाका, कारण नंतर हार घालताना नवरदेवाला मित्र उचलून धरतात, गर्दी पुढे लोटते आणि समोर फक्त मोबाइल धरलेले हात दिसतात. फ्लॅशमध्ये हवेतल्या अक्षता थिजलेल्या येतात, पण गुरुजींना आणि नवरा-नवरीला आधी सांगून ठेवा, म्हणजे डोळे मिटणार नाहीत. स्टेजमागे एलईडी भिंत असेल तर ती चालू करणाऱ्याला सकाळीच पाच मिनिटं लावायला सांगून शटर स्पीड तपासा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने हॉलच्या साध्या दिव्यांत १/१०० सेकंदाच्या शटर स्पीडला फोटोत पट्टे सहसा येत नाहीत, एलईडी भिंतीचा मात्र नेम नाही. इलेक्ट्रॉनिक शटर बंदच ठेवा. आणि हळदीला चेहऱ्यावर पिवळा आणि मंडपाच्या कापडातूनही पिवळा उजेड आला की ऑटो व्हाइट बॅलन्स (उजेडाप्रमाणे रंग आपोआप जुळवणारी सेटिंग) गोंधळतो. तिथे तो हाताने लावा.

कॅमेरा: दोन मेमरी कार्ड बसणाऱ्या दोन बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा), सेकंडहँड चालतील, एकच भारी बॉडी नको. एक २४-७० मिमीची झूम लेन्स, दोन फ्लॅश. बाकी लेन्स लागेल तशी भाड्याने. उरलेल्या पैशांतून हार्ड डिस्क घ्या, त्याही दोन.

गाळ्याबद्दल माझं मत लोकांना पटत नाही, पण लहान गावात छोटा गाळा हवाच. त्यातून पासपोर्ट साइजच्या फोटोंचे फार पैसे मिळतील म्हणून नाही. स्थळं बघायला सुरुवात झालेली मुलगी बायोडेटाच्या फोटोसाठी आईबरोबर येते. तो फोटो मन लावून काढा: खिडकीजवळचा उजेड, साडीच्या निऱ्या नीट, मागचा पडदा साधा, आणि चेहरा रिटच करून ओळखू न येण्याइतका गोरा करू नका. त्या घरचं लग्न ठरलं की पहिला फोन तुम्हाला येतो. आणि दुसरं काम, ज्याबद्दल कोणी व्हिडिओ बनवत नाही: गेलेल्या माणसाचा हार घालायचा फोटो. घरचे आधार कार्ड नाहीतर कुठल्यातरी लग्नातला ग्रुप फोटो घेऊन येतात, आजोबा मागच्या रांगेत अर्धे झाकलेले. त्यातून चेहरा वेगळा करायचा, खांदा पुरा करायचा, टोपी किंवा फेटा त्यांच्याच सवयीचा ठेवायचा. कोट घालून द्या म्हणतात, देतो आपण. दहाव्याच्या आत फ्रेम हवी असते. या कामात घासाघीस करू नका आणि उशीर तर अजिबात नको. चातुर्मासात गाळ्याचं भाडं निघतं ते अशाच कामांवर.

एक कायद्याची गोष्ट, कारण परदेशी फोटोग्राफरांचे व्हिडिओ बघून आपली मुलं चुकीचं बोलतात. भारतात कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ प्रमाणे, पैसे घेऊन कोणाच्या सांगण्यावरून फोटो काढला तर वेगळा करार नसल्यास त्याचा पहिला मालक तो सांगणारा असतो, फोटोग्राफर नाही. तेव्हा नवरीचे फोटो इन्स्टाग्रामवर टाकायचे तर करारनाम्यात तशी परवानगी लिहून घ्या, नंतर तोंडी विचारू नका. डेटा आपण किती महिने ठेवणार तेही त्यातच लिहा.

ड्रोन स्वतः घेऊ नका. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे २५० ग्रॅमच्या वरचा ड्रोन धंद्यासाठी उडवायला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागतं. ते असलेला माणूस दिवसावर बोलवा, आणि त्याचं प्रमाणपत्र मागून बघा.

जीएसटीची नोंदणी वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेल्यावर लागते, पण ही उलाढाल म्हणजे ग्राहकाने दिलेली पूर्ण रक्कम, तुमच्या हाती उरलेली नाही. कँडिडवाल्याला आणि लॅबला दिलेले पैसेही त्यात धरले जातात. हंगाम चांगला गेला तर हा आकडा वाटतो त्याच्या आधी येतो, म्हणून पहिल्या ऑर्डरीपासून पैसे खात्यावर घ्या आणि इन्कम टॅक्सचं रिटर्न भरत राहा.