लिनक्ससाठी पॅकेज बांधताना: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: हिशेबाचा प्रोग्राम सी++मध्ये लिहिला. माझ्या उबुंटू २४.०४ वर तो छान चालतो, पण शाळेतल्या २०.०४ वर 'जीलिबसी २.३८ सापडत नाही' म्हणून बंद पडतो. कोडमध्ये चूक आहे का?

कोडमध्ये नाही, बांधणीच्या जागेत आहे. जीलिबसी म्हणजे लिनक्सवरच्या प्रोग्रामना लागणारी मूळ सी लायब्ररी. २४.०४ वर तिची आवृत्ती २.३९ असते, २०.०४ वर २.३१. जुन्या जीलिबसीवर बांधलेला प्रोग्राम नव्यावर चालतो, पण नव्यावर बांधलेला जुन्यावर चालेलच असं नाही. म्हणून ज्या सर्वांत जुन्या सिस्टीमवर तो चालवायचा आहे, तिच्याच कंटेनरमध्ये, म्हणजे आपल्या मशीनवर वेगळ्या ठेवलेल्या तिच्या प्रतीत, कंपाइल करा. शाळेच्या मशीनवर नवी जीलिबसी टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर कृपया ऐकू नका. तिथली जवळपास प्रत्येक कमांड त्या एका लायब्ररीवर उभी असते. ती बिघडली तर फाइलींची यादी दाखवणारं साधं 'एलएस'सुद्धा चालणार नाही आणि मुलांचा तास वाया जाईल.

प्रश्न: प्रोग्राम लोकांना द्यायला कोणत्या प्रकारचं पॅकेज बांधू: डेब, फ्लॅटपॅक की ॲपइमेज?

लॅबमधली सगळी मशीन एकाच उबुंटूवर असतील तर डेब, म्हणजे डेबियन आणि उबुंटूचं नेहमीचं पॅकेज. लागणाऱ्या लायब्रऱ्यांची यादी मात्र हाताने लिहू नका, डेबियनच्या साधनांना काढू द्या. वापरणारे कुठल्या डिस्ट्रोवर (लिनक्सच्या कोणत्या प्रकारावर) आहेत हे ठाऊक नसेल तर मी फ्लॅटपॅक निवडेन, कारण त्यात रनटाइम, म्हणजे चालायला लागणाऱ्या लायब्रऱ्यांचा संच, ठरलेला असतो. पहिलं डाउनलोड जड असतं, तेवढं लोकांना आधी सांगा. ॲपइमेज म्हणजे पेनड्राइव्हवर नेता येणारी एकच फाइल. पण उबुंटू २२.०४ पासून ॲपइमेज उघडायला लागणारी लिबफ्यूज२ ही लायब्ररी आपोआप येत नाही, त्यामुळे जुन्या पद्धतीच्या ॲपइमेज उघडतच नाहीत. ॲपइमेजचा नवा रनटाइम (फाइल उघडणारा तिच्यातलाच भाग) वापरून बांधा.

प्रश्न: फ्लॅटपॅकमधून पेनड्राइव्हवरची फाइल उघडत नाही. सगळ्या फाइलींची परवानगी देऊन टाकू का?

नको! हिशेबाच्या प्रोग्रामला कुणाचे घरचे फोटो कशाला दिसायला हवेत? फ्लॅटपॅक प्रोग्रामला बाकीच्या फाइलींपासून मुद्दाम वेगळं ठेवतं. म्हणून फाइल निवडायची खिडकी पोर्टलमार्फत, म्हणजे प्रोग्रामच्या वतीने सिस्टीमकडून, उघडा. जीटीके आणि क्यूटी या खिडक्या-बटणं बनवायच्या दोन्ही लायब्रऱ्यांत ती सोय आहे. माणूस जी फाइल निवडेल, तेवढीच प्रोग्रामला मिळते.

प्रश्न: मेनूत नाव मराठीत दिसेल का?

दिसेल. मेनूतलं नाव ठरवणाऱ्या डॉट-डेस्कटॉप फाइलमध्ये इंग्रजी नावाच्या ओळीखाली 'एमआर' या भाषाखुणेची दुसरी ओळ लिहा. सिस्टीमची भाषा मराठी असली की तेच नाव येतं.