जुन्या ट्रायम्फ स्पिटफायरचं गंजलेलं सस्पेन्शन घरी बदलता येईल का?

तुमची स्पिटफायर, म्हणजे ट्रायम्फची ब्रिटिश स्पोर्ट्स कार, १९६७ ची, निपाणीत शेडमध्ये बरीच वर्षं उभी आहे, पुढच्या सस्पेन्शनचे बोल्ट जागचे हलत नाहीत आणि घरी काम करायचं तर सुरुवात कुठून करू, असं तुम्ही विचारलंय. घरी होतं. मी बेळगावात अनगोळला घराच्या पडवीत आधी मामांची स्टँडर्ड हेराल्ड आणि नंतर एका मित्राची स्पिटफायर केली. १९६२ ला स्पिटफायर आली तीच मुळी हेराल्डची चासी आखूड करून, त्यामुळे दोन्हींची पुढची रचना जवळजवळ सारखी आहे. मद्रासला बनलेल्या स्टँडर्ड हेराल्डवर हात बसलेला एखादा जुना मेस्त्री तुमच्याकडे असेल तर त्याला आधी गाठा.

बोल्टांचं नंतर बघू, आधी ट्रनियन उघडा. पुढच्या प्रत्येक चाकामागे एक उभा पोलादी दांडा आहे. त्याच्या खालच्या टोकाला आटे आहेत आणि ते पितळी ट्रनियनमध्ये बसतात. स्टेअरिंग वळवलं की दांडा त्या आट्यांवर फिरतो. तिथे नव्वद नंबरचं गिअर ऑइल घालायचं असतं, ग्रीस नाही. ग्रीस वरच्यावर घट्ट बसून राहतं, खालपर्यंत जात नाही, आणि पावसाचं पाणी आत शिरलं की आटे कोरडेच गंजतात. मामांच्या गाडीत एका गॅरेजवाल्याने वर्षानुवर्षं ग्रीसच भरलं होतं. जांबोटी रस्त्यावर हळू वळताना डावा दांडा तुटला आणि चाक मडगार्डखाली आडवं झालं. वेग कमी होता म्हणून कुणाला लागलं नाही. तुटलेला तुकडा अजून माझ्याकडे आहे. तुटल्या जागेचा बराचसा भाग जुन्या गंजाने तपकिरी झालाय आणि एका कडेला फक्त ताजं, करड्या रंगाचं लोखंड चमकतं. म्हणजे तडा कधीचाच गेलेला होता, शेवटच्या त्या पट्टीवर गाडी चालत होती. बाहेरून मात्र सगळं काळ्या रंगाने छान रंगवलेलं.

म्हणून दोन्ही बाजूंचे दांडे बाहेर काढा. एका बाजूचे आटे उलटे आहेत हे लक्षात ठेवा, नाहीतर सोडवतोय असं समजून आवळत बसाल. डिझेलने धुवा, तारेच्या ब्रशने घासा आणि आट्यांवरून नख फिरवा. नख खड्ड्यात अडकलं की तो दांडा बाद. वेल्डिंगने भरून घेऊ नका. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर कुणीही हुबेहूब करून देईल, आपल्याकडचे टर्नर तेवढे हुशार आहेतच, पण हा भाग हुबेहूब दिसून चालत नाही, पोलाद आणि त्याचं हीट ट्रीटमेंटही तेच लागतं. इंग्लंडमध्ये हे दांडे आणि ट्रनियन आजही नवे बनतात, तिकडून मागवा. खर्च करायचा तर इथे करा, रंग नंतर बघता येईल.

आता न हलणारे बोल्ट. ते चासीत नाही, सांध्यातल्या रबरी बुशच्या आतल्या लोखंडी नळीत गंजून धरलेले असतात. चार-पाच दिवस रोज संध्याकाळी गंज सोडवणारं तेल मारा, हातोडीने हलके ठोके द्या, आणि पाना लावल्यावर आधी किंचित आवळून मग सोडवा. तरी नाही आला तर झगडू नका, बुश आणि ब्रॅकेटच्या फटीतून हॅक्सॉ ब्लेडने कापा. बोल्ट आणि बुश दोन्ही बदलायचेच आहेत. गॅस लावला तर बुशचं रबर पेटतं आणि शेजारीच ब्रेकचा पाइप आहे. खालच्या विशबोनचं (चाक चासीला जोडणाऱ्या दुबेळक्याच्या आकाराच्या भुजेचं) ब्रॅकेट आणि चासी यांच्यामध्ये पातळ पत्र्याचे शिम असतात. कुठून किती निघाले ते लिहून त्याच जागी बांधून ठेवा, चाकाचा कल त्यावर ठरतो.

काम एका वेळी एकाच बाजूचं करा, दुसरी बाजू बघायला नमुना राहते. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली जायचं नाही, चासीखाली स्टँड हवेतच. पुढची स्प्रिंग शॉकअपवर दाबून बसवलेली असते, कंप्रेसर लावल्याशिवाय वरचा मधला नट सोडलात तर ती अंगावर येते. मागच्या सस्पेन्शनला हात घातलात तर शॉकअप काढण्याआधी चाकाकडच्या भागाखाली जॅक द्या, कारण तिथली आडव्या पाट्याची स्प्रिंग चाक खाली ढकलत असते.

विशबोन आणि ब्रॅकेटसाठी आपल्याकडे एक सोय आहे, गुऱ्हाळ. खराब झालेली काकवी स्वस्तात मिळाली तर एक भाग काकवी आणि नऊ भाग पाणी करून प्लास्टिकच्या पिंपात भाग बुडवून ठेवा. वास येतो, पंधरा दिवसही लागतात, पण लोखंड न खाता गंज निघतो. ॲल्युमिनियम त्यात टाकू नका. काढल्यावर धुऊन, सुकवून त्याच दिवशी प्रायमर मारा, बेळगावच्या पावसाळी हवेत रात्रीत पुन्हा लाल होतं. स्प्रिंग आणि हाय टेन्साइल (कडक पोलादाचे) बोल्ट मात्र कुणाच्याही सांगण्यावरून मिठाच्या ॲसिडमध्ये घालू नका. कडक पोलादात हायड्रोजन शिरतो आणि ते पुढे न सांगता तुटतं.

नवे बोल्ट घेताना गाडी इंची मापाची आहे हे दुकानदाराला सांगा. तीन अष्टमांश इंचाचा बोल्ट ९.५ मिलिमीटरच्या आसपास भरतो, तिथे दहाचा ठोकून बसवू नका. लॉकनट सगळे नवेच वापरा.

आवळण्याआधी ब्रॅकेटच्या जागी चासीवर हातोडी वाजवा. ठण आवाज आला तर ठीक, भद आला तर आधी चासीचं वेल्डिंग. आणि रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी करून, तिचं वजन पडल्यावरच शेवटचे आवळा. हवेत आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि थोड्याच दिवसांत फाटतं.

चाकांचं अलाइनमेंट करून घ्या, शंभर किलोमीटर झाले की सगळे नट पुन्हा तपासा. दांडे धुऊन झाले की दोन्हींच्या आट्यांचे जवळून फोटो इथे टाका, मी बघून सांगतो.