पोस्टरं बाजूला ठेव, शिरगणती उघड

अमळनेर

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचा आराखडा वाचला. स्टालिनच्या काळातला प्रचार हा विषय घेतलास याचा मला मनापासून आनंद झाला. पण त्यात सगळी पोस्टरं, पुतळे, मिरवणुका आणि भाषणंच आहेत. बेटा, हे सगळं त्या राजवटीनंच लोकांना दाखवायला तयार केलेलं. तिनं गाळलं काय, ते शोधायला लाग.

सुरुवात 1937च्या शिरगणतीपासून कर. सोव्हिएत संघात ती 6 जानेवारीला झाली. त्याआधी, 1934च्या पक्षाच्या अधिवेशनात, लोकसंख्या 16 कोटी 80 लाखांवर गेल्याचं स्टालिननं जाहीर सांगितलं होतं. मोजणीत भरली सुमारे 16 कोटी 20 लाख. 1932-33मध्ये शेतकऱ्यांच्या घरातलं धान्य सक्तीनं उचलून नेलं आणि युक्रेन, कझाकस्तानात लाखो माणसं अन्नावाचून मेली. तिथल्या वर्तमानपत्रांत त्याची एक ओळ येऊ दिली नाही. गणतीवाला दारोदार फिरला तेव्हा ती मेलेली माणसं आकड्यात दिसली. शिवाय त्या अर्जात धर्माचा रकाना होता. इतकी वर्षं नास्तिकतेचा प्रचार चालू असताना 16 वर्षांवरच्या निम्म्याहून जास्त लोकांनी आपण श्रद्धाळू असल्याचं सांगितलं!

सप्टेंबरमध्ये सरकारनं ती गणतीच सदोष ठरवून रद्द केली. सांख्यिकी खात्याचा प्रमुख इवान क्रावाल याला गोळी घातली. 1939ला पुन्हा मोजलं, आणि आकडा 17 कोटींवर गेला.

1991ला मी चोपडा तालुक्यात तापीकाठच्या एका गावी प्रगणक होतो. दारांवर गेरूनं नंबर टाकलेले, हातात नजरी नकाशा. बायकांना विचारायचं असे, मुलं किती झाली आणि हयात किती. एका माउलीनं पहिलं उत्तर चटकन दिलं, सात. दुसऱ्या उत्तराआधी ती बोटांवर मोजत राहिली. शेवटी म्हणाली, चार. त्या दोन आकड्यांमधला फरक कुणाच्या हुकमानं खोडला जाणं म्हणजे काय, हे लिहिताना विसरू नकोस.

सेन्सॉर म्हणजे लाल पेन्सिल घेतलेला माणूस, एवढंच तुझ्या आराखड्यात आहे. छापण्याआधी तपासणारं 'ग्लावलित' हे खातं 1922पासून होतं, ते खरं. पण छापून घरी पोचलेलंही बदललं जाई. 1953ला स्टालिनच्या गुप्त पोलिसांचा प्रमुख बेरिया सत्तेवरून पडला. मग मोठ्या सोव्हिएत विश्वकोशाच्या वर्गणीदारांना नवी पानं आली: बेरियाची पानं कात्रीनं किंवा ब्लेडनं कापा, त्या जागी बेरिंग समुद्राची वगैरे ही पानं चिकटवा. वर्गणीदार आपल्याच घरात, आपल्याच हातानं सेन्सॉर झाला. यावर एक अख्खं प्रकरण होईल.

तुलनेसाठी आपल्याकडचंच घे. 1932ला धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर बोलले, साने गुरुजींनी ते टिपून घेतलं आणि ते महाराष्ट्रभर पोचलं. इंग्रज सरकार जुलमी होतं, तरी ती वही उरली. लेनिनग्राडला कवयित्री आन्ना अख्मातोवा कागदावर चार ओळी लिहून मैत्रिणीला दाखवी, मैत्रीण मनात पाठ करी, आणि कागद तिथंच जाळून टाकीत. परक्या सत्तेची दडपशाही आणि घराच्या भिंतींनाही कान लावणारी राजवट, या दोन्ही एका मापानं मोजू नकोस.

आणि तिथली माणसं भोळी होती, असं कुठंही लिहू नकोस. पुष्कळांना सगळं कळत होतं. लेकराबाळांसाठी ती गप्प राहिली.

शिरगणतीचं प्रकरण आधी लिही. 1934, 1937 आणि 1939चे आकडे एकाखाली एक मांडून दिवाळीआधी मला पाठव. सुट्टीत भुसावळ-सुरत गाडीनं इकडे ये, दोन दिवस बसून आपण ते तपासू.

तुझे,
सर