वाचकांचे प्रश्न : खाणीच्या जमिनीवर कोणती माती टिकते?

प्रश्न : उघड्या खाणीतील खनिज काढून झाल्यावर खड्डा भरून घेतात आणि वर माती पसरून झाडे लावतात. काळी, तांबडी आणि वाळूसर यांपैकी कोणती माती या कामाला योग्य? बाहेरून भारी काळी माती आणून टाकली तर जमीन लवकर सुधारेल का?

उत्तर : बाहेरून भारी माती आणण्यावर खर्च करू नये, असे आमचे मत आहे. केवळ पोताचा विचार केला तर मध्यम पोताची माती, म्हणजे जिच्यात वाळू, गाळाचे बारीक कण आणि चिकणमाती यांपैकी कोणाचाच वरचष्मा नसतो, ती सर्वांत सोयीची. पण खाणीवर अशी निवड करण्याची मुभा क्वचितच मिळते. खोदकामापूर्वी त्या जागी जी माती होती तीच परत पसरावी लागते. म्हणून तिचा दोष कोणता, हे ओळखून तिला हाताळणे महत्त्वाचे ठरते.

भारी काळ्या मातीत अन्नद्रव्ये भरपूर असतात आणि ती पाणीही धरून ठेवते. मात्र ओली असताना तिच्यावरून अवजड डंपर आणि डोझर फिरले की ती दबून घट्ट होते. चिकणमातीची घनता दर घनसेंटिमीटरला दीड ग्रॅमच्या आसपास गेली की बहुतेक मुळे खाली शिरत नाहीत, तर वाळूसर मातीत हीच मर्यादा सुमारे १.८ ग्रॅमपर्यंत असते. काम सुरू करण्यापूर्वी मूठभर माती घेऊन तळहाताने सपाट फरशीवर वळून पाहावी. ३ मिलिमीटर जाडीची वळी न तुटता होत असेल, तर माती अजून ओली आहे आणि त्या दिवशी यंत्रे उभीच ठेवावीत. वळी त्या जाडीला येण्याआधीच भुगा होऊन तुटली, तर माती उचलायला हरकत नाही. ठेकेदाराला हे थांबणे परवडत नाही, हे मान्य; पण एकदा दबलेली खालची माती नंतर नांगरून मोकळी करणे त्याहून महाग पडते, आणि तरीही ती पूर्ववत होत नाही.

वाळूसर माती यंत्रांचा भार तुलनेने बरा सोसते, परंतु पाणी आणि खत दोन्ही तिच्यातून लवकर निसटतात. उतारावर तर ती पहिल्याच जोरदार पावसात वाहू लागते. तांबड्या, जांभ्या मातीतील लोहाची संयुगे कणांना घट्ट बांधून ठेवतात, त्यामुळे तिचा निचरा चांगला राहतो. पण तीच संयुगे स्फुरद (फॉस्फरस) अडकवून ठेवतात, म्हणून स्फुरदाचे खत सगळीकडे फेकण्यापेक्षा रोपाच्या मुळाजवळ द्यावे. खरी सावधगिरी लागते ती सोडियम जास्त असलेल्या चोपण मातीबाबत. तिचे वाळलेले ढेकूळ काचेच्या पेल्यातील पावसाच्या पाण्यात न ढवळता ठेवले, तर काही वेळाने त्याभोवती दुधाळ वलय पसरते. अशी माती खाणीतून काढलेल्या खडकाच्या ढिगाऱ्याच्या बाहेरच्या उतारावर वापरू नये, कारण पाणी आतून कण वाहून नेत बोगदे पाडते. समतल भागात वापरायचीच असेल, तर जिप्सम मिसळून वापरावी.

माती कोणतीही असो, वरचा १५ ते ३० सेंटिमीटरचा थर आणि त्याखालची माती वेगवेगळी काढून वेगवेगळीच साठवावी. साठ्याची उंची दोन-तीन मीटरच्या वर नेऊ नये, कारण उंच ढिगाच्या पोटात हवा पोहोचत नाही, मुळांना साथ देणारी बुरशी आणि गांडुळे मरतात, आणि बियाही काळानुसार निकामी होतात. शक्य असेल तिथे एका भागातून काढलेली माती लगेच दुसऱ्या भागावर पसरावी. पश्चिम ऑस्ट्रेलियातील बॉक्साइटच्या खाणींत अशा ताज्या मातीतील बियांमधूनच जंगलातील पुष्कळ वनस्पती परत उगवतात. अमेरिकेत १९७७ च्या कायद्याने कोळशाच्या खाणींना वरची माती वेगळी काढणे बंधनकारक केले आहे. तिथल्याच पूर्वेकडील खाणींत झाडांसाठी किमान १.२ मीटर जाडीचा सैल थर ठेवण्याची पद्धत रुळली आहे. यंत्राने चोपून गुळगुळीत केलेली जमीन फोटोत सुंदर दिसते, पण झाडांना ओबडधोबड, सैल जमीनच मानवते.

प्रश्न : भरलेल्या जमिनीवर रोपे पहिल्या वर्षी तरारली आणि नंतर एकेक करून वाळली. ओघळीतून तांबूस पाणी वाहते. माती चांगली असूनही असे का?

उत्तर : दोष बहुधा मातीखालच्या खडकात आहे. त्यात पायराइट, म्हणजे लोह आणि गंधकाचे संयुग असेल, तर हवा व पाणी लागताच गंधकाम्ल तयार होते आणि लोहामुळे पाणी तांबूस दिसते. सामू (pH; तो जितका कमी तितके आम्ल जास्त) साधारण पाचच्या खाली गेला की मातीतील ॲल्युमिनियम विरघळून मुळे खुंटतात. रोपांची मुळे वरच्या मातीत होती तोवर ती टिकली. खाली पोहोचताच जळली, असे दिसते. वर कितीही सुपीक माती टाकली तरी आम्ल तिच्यात चढत राहील. म्हणून आधी खालच्या खडकातील पायराइटच्या गंधकाचे प्रमाण तपासून घ्यावे. हिशेबाने असा गंधक १ टक्का असलेल्या १,००० टन खडकाचे आम्ल शमवण्यासाठी ३१.२५ टन शुद्ध चुनखडी लागते. प्रत्यक्षात चुनखडीची शुद्धता आणि बारीकपणा पाहून मात्रा वाढवावी लागते. प्रमाण फार असल्यास तो खडक पाणी व हवा पोहोचणार नाही अशा ठिकाणी गाडून, वर दाबलेल्या चिकणमातीचा थर द्यावा. चिकणमातीचा जो घट्टपणा मुळांना नडतो, तोच इथे कामी येतो. या थराच्या वर मुळांसाठी पुरेशी सैल माती मात्र हवीच.